कठड्याभोवतीच्या साड्या

आई,

कॉट आली! परवा दुपारी दोन माणसं ती खोक्यात घालून घेऊन आली, आणि माझ्या पोटाकडे बघून त्यातला एक म्हणाला, "आंटी, यू सिट लाह, वी डू." पण मला बसवतंय कुठे? मी त्यांच्या मागेमागे, स्क्रू काय उचलून दे, पाणी काय दे. टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये आमच्या पलंगाशेजारी इतकी वर्षं इस्त्रीचं टेबल होतं. तिथे आता कॉट उभी आहे. चाळिशी ओलांडल्यावर, लोकांनी विचारणं सोडून दिल्यावर, मी स्वतः वाट बघणं सोडून दिल्यावर हे होतंय. मी उगाचच त्या खोलीत जाऊन येते. तुझा जावई म्हणतो, "अगं, पळून नाही जाणार ती." आणि मग स्वतःच जाऊन एखादा स्क्रू पुन्हा पिळून येतो.

मावशी गेल्या आठवड्यात पुण्याहून आलीये, बाळंतपणाला. तुझी धाकटी बहीण ती, तुझ्याइतकीच हट्टी, फक्त आवाज जास्त मोठा. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवीन काही घ्यायचं नाही, हे तिने फोनवरच बजावलं होतं. म्हणून झबली-टोपडी सगळी वुडलँड्सच्या मैत्रिणीकडून मागून आणली, तिच्या मुलाने वापरून मऊ झालेली. कॉटवरून मात्र तणातणी झाली. शेवटी मावशीनेच तोडगा काढला. "ते काय कपडे थोडेच आहेत? फर्निचर आहे ते. बाळ यायच्या आधी पंखा नाही का दुरुस्त करून घेत आपण?"

कॉट उभी राहिली तसं मावशीने बॅगेच्या तळाशी जपून आणलेलं गाठोडं सोडलं. आत कठड्याला आतून बांधायच्या लांबट गाद्या होत्या. इथल्या दुकानांत त्यांना बंपर म्हणतात. मी दुकानात असताना व्हिडिओ कॉलवर तिने माझ्याकडून कॉटची मापं का घेतली होती, ते तेव्हा कळलं. आणि गाद्यांचे अभ्रे तुझ्या साड्यांचे होते, तू बँकेत नेसायचीस त्या सुती साड्यांचे. तू गेल्यावर मावशीने नेल्या होत्या त्या. त्यातली आमसुली मी लगेच ओळखली, कारण तिच्या काठाजवळ शाईचा डाग आहे आणि तो मी पाडलेला आहे. मला अजून दिसतं, शाळा सुटल्यावर मी थेट तुझ्या बँकेत येते, काउंटरच्या आत तुझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसते. पेन गळतं. हात पुसायला मला तुझा पदर दिसतो. तू समोरच्या माणसाशी गोड बोलता बोलता, चेहऱ्यावर काही न दाखवता, खालून माझ्या मांडीला चिमटा काढतेस. आता त्या डागासकट तू माझ्या बाळाभोवती असणार होतीस. मी मावशीला मिठी मारायला गेले तर पोट मध्ये आलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तिघांनी मिळून नाड्या बांधल्या. कॉट इतकी सुंदर दिसत होती, आई!

आणि तेव्हाच मला नर्स आठवली. पाया लेबारच्या ऑफिसातून सुटून मी होणाऱ्या आईबापांच्या वर्गाला जाते, तिथली. तिने प्लास्टिकचं बाळ रिकाम्या कॉटमध्ये उताणं ठेवलं होतं आणि म्हणाली होती, "इनसाइड, ओन्ली बेबी. पिलो, बंपर, टेडी, ऑल आउटसाइड, ओके?" तोंड कुठल्या मऊ गोष्टीत दाबलं गेलं तर एवढ्याशा बाळाला मान बाजूला घेता येत नाही, हे तिने आम्हाला पुन्हापुन्हा सांगितलं होतं. मी ते मावशीला सांगितलं.

"आम्ही काय बाळं कोंबून मारली का?" मावशी म्हणाली. "तुला दोन्ही बाजूंना लोड आणि डोक्याखाली मोहरीची उशी होती. बसलीयेस ना समोर, चांगली ढोली होऊन? शिवाय तुमचा तो एसी. त्या फटींतून वारं लागेल लेकराला. पाय अडकेल."

"फटी अरुंद असतात गं. नाही अडकत पाय."

"वाऱ्याला अरुंद चालतात!"

तुझा जावई आमच्या मध्ये उभा राहून फोनवर वाचत होता. "नर्स म्हणते तेच सगळे म्हणतायत," तो हळूच म्हणाला. मग मावशीचा चेहरा बघून, "साड्या मात्र मस्त दिसतायत हं."

"जावईबापू," मावशी म्हणाली, "तुम्ही चहा टाका."

काय बरोबर आहे ते मला ठाऊक होतं. तरी माझ्याने त्या नाड्या सोडवेनात. त्या सोडणं म्हणजे तुलाच उचलून बाहेर ठेवणं, असं वाटत होतं. तू असतीस तर तुला विचारलं असतं, आणि तू चिडली असतीस. दूध नासलंय का, हे विचारायला मी पातेलं घेऊन ओट्याशी उभी राहायचे, चांगली कॉलेजात जायला लागले तरी. एकदा तू कणीक मळता मळता वैतागलीस. "मला काय विचारतेस? तुला नाक दिलंय ना देवाने?" केवढं लागलं होतं ते मला. काल सकाळी मावशी अंघोळीला गेली तेव्हा मी त्यातली एक गादी सोडली, आमच्या पलंगावर ठेवली, आणि कुशीवर पडून तिच्यात नाक खुपसलं. खरं तर तुझा वास शोधायला. साडी मऊ होती, आत कापूस ठासून भरलेला. पहिले दोन-चार श्वास बरे गेले. मग माझाच श्वास गरम होऊन माझ्याकडे परत यायला लागला. मी झटकन मान मागे घेतली. मला घेता आली. मी तशीच पडून राहिले, आणि पोटातून बाळाने एक सणसणीत लाथ मारली.

मावशी केस पुसत बाहेर आली तोवर मी बाकीच्या नाड्या सोडायला घेतल्या होत्या.

"म्हणजे नर्सबाई जिंकली," ती म्हणाली.

"नर्स राहू दे. तू इथे ये, यात नाक घाल."

"हा काय चावटपणा?"

"घाल तर."

चष्मा काढून ती पलंगावर आडवी झाली आणि तुझ्या साडीत तोंड घालून पडून राहिली. मला वाटलं, रडतेय. मग ती उठून बसली आणि म्हणाली, "हं." मग चष्मा चढवत म्हणाली, "तुझ्या वेळी ताईने खोलीतली धुरी बंद करायला लावली होती. ओवा, वावडिंग, सगळं शेगडीसकट बाहेर. तू खोकायचीस म्हणून. आमची आई बारशापर्यंत तिच्याशी बोलली नाही."

"आईने मला कधी सांगितलं नाही हे."

"कशाला सांगेल? तुझा खोकला थांबला, तिचं काम झालं."

आई, मला तिथेच नाचावंसं वाटलं! मी तुझ्या विरुद्ध जातेय असं वाटून हैराण झाले होते, आणि तू माझ्याआधी तिथून जाऊन आली होतीस.

पण मावशी गाद्यांशी बसून राहिली, एकेक नाडी बोटाला गुंडाळत. "ताईच्या वतीने म्हणून एवढंच आणलं होतं मी," ती म्हणाली. "आता माझं इथे काय? मावशीआजी. एवढं लांबलचक म्हणता येईपर्यंत मी परत जाऊन त्याला विसरलेलीसुद्धा असेन." तिला स्वतःचं मूल नाही. माझ्या शाळेच्या डब्यापासून रुखवतापर्यंत तुझ्या बरोबरीने तीच राबत होती. ती विसरणार!

"लांबलचक कशाला?" मी म्हटलं. "आजी म्हणेल. नुसतं आजी."

ती उठून हॉलमध्ये गेली आणि त्या सगळ्या गाद्या काचेच्या टीपॉयच्या कडांना घट्ट बांधून टाकल्या. "चालायला लागलं की इथेच डोकं आपटणार," तिथूनच ओरडली, "तेव्हा काय तुमची नर्स येणारे धावत?" तुझा जावई कालपासून चहाचा कप ठेवायला जागा शोधतोय.

कॉटमध्ये आता पातळ टणक गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बस. मला ती परवाच्यापेक्षाही आवडायला लागली आहे. बाळ आलं की त्यात फक्त बाळच दिसेल, खोलीच्या दारातूनसुद्धा. कधी एकदा येतंय असं झालंय!

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकायचं नाही. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुला सांगायचीच होती. आजी हे नाव मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं, तू गेलीस तेव्हापासून, बाळाचा पत्ता नव्हता तेव्हाही. काल ते मावशीला देऊन टाकलं, तुला न विचारता. तुझा फोटो दाखवून बाळाला काय म्हणायला शिकवू, ते मला अजून सुचलेलं नाही.