जास्तीचा तुकडा

४ जुलै १९९३, उदगीर

आजही एक तुकडा जास्त कापला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन; त्याला किती जण बसणार ते आदल्या शनिवारीच ठरतं, भाकरीचे तेवढेच तुकडे करायचे, असा चर्चमधला रिवाज. जास्तीचा आईचा. मी मिशनच्या बोर्डिंगात असताना बाप्तिस्मा घेतला, आईनं कधीच घेतला नाही. "मग महालक्ष्म्या कोण बसवंल?" म्हणते. मोतीबिंदू काढायला आली ती माझ्याकडेच राहिली. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते, गीतं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणते — आणि प्रभुभोजनाचं ताट, बाप्तिस्मा नाही म्हणून, तिला वगळून पुढं जातं. उरलेला तुकडा पाळकांनीच संपवायचा असतो. पाळक म्हणजे आमचे हे. खा म्हणावं!

२५ जुलै

पाळकांच्या शिबिराहून आल्यापासून ह्यांचं एकच — देवानं जग घडवायच्या आधीच माणसं निवडून ठेवलीत, ख्रिस्त मेला तो त्यांच्यासाठी, सगळ्यांसाठी नाही. आज व्यासपीठावरून तासभर तेच. समोर आई बसलेली.

बाहेर आल्यावर चर्चचे पंच शिवप्पा यांनी विचारलं, "साहेब, मग आम्ही बाजारात सुवार्ता कुणाला सांगून राहिलो? ज्याला मिळायची त्याला मिळंलच की." हे म्हणाले, सांगणं आपलं काम, निवड त्याची.

घरी आल्यावर मी गप्प बसले नाही. देवानं काय लातूरला क्लास काढलाय, मेरिटवाल्यांनाच आत घ्यायला? वचनात 'देवानं जगावर प्रीती केली' असं लिहिलंय, त्या जगात माझी आई येत नाही का? ह्यांनी खाली मान घालून जेवण संपवलं. मी भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही.

१ ऑगस्ट

तुकडा कापला. मुद्दाम मोठा.

६ सप्टेंबर

काल प्रभुभोजन झाल्यावर आईला म्हटलं, पुढल्या महिन्यात मी स्वतः ताट घेऊन तुझ्या बाकापाशी येणार, बघू कोण अडवतो. आई हसली. "नगं बाई. त्यो तोंडानं बोलतो ते समदं मनावर घेऊ नको. माणूस लई बरा हाय."

हिला कोण समजावणार! जिचं तारणच नाही म्हणतात, तीच ह्यांची वकील.

२१ सप्टेंबर

आई महालक्ष्म्यांसाठी गावाला गेली, माझ्या भावाकडे, रामलिंगकडे. गणपती बुडवूनच येते म्हणाली. ह्यांनी तिची पिशवी स्टँडपर्यंत नेली. म्हटलं, न निवडलेल्या बाईची पिशवी चालते वाटतं!

३० सप्टेंबर

पहाटे भूकंप. मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही सगळे रस्त्यावर. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली म्हणतात. आमचं गाव तिकडंच. हे मिळाली त्या जीपनं गेले. मला नेलं नाही.

१ ऑक्टोबर

आई गेली. घराचं मातीचं माळवद अंगावर आलं. रामलिंग अंगणात झोपला होता म्हणून वाचला. गावातल्या सगळ्यांना एकाच चितेवर दिलं. मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

हे संध्याकाळी परतले, मातीनं भरलेले. मी पाणी दिलं आणि तोंडावर सांगितलं — त्या ढिगाऱ्यात निवडलेले कोण होते आणि सोडलेले कोण, ओळखता आले का? माझी आई तुमच्या देवाच्या यादीत नसेल तर माझंही नाव काढा त्यातून.

३ ऑक्टोबर

तुकडा कापलाच. ती गेली म्हणून कमी करणार नाही.

उपासनेनंतर बघते तर तुकडा ताटात तसाच. विचारलं, "आज खाल्ला नाहीत?"

"तो मी कधीच खाल्ला नाही. मागच्या दाराशी आईंना द्यायचो, दर महिन्याला. कुणाला सांगू नका म्हणायचो." मग खाली बघत म्हणाले, "निवडलेलं कोण, मला कुठं माहीत."

मी ताट त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, मग पुढच्या रविवारी हेच व्यासपीठावरून सांगा. तोवर तुकडा ताटातच राहील.