दहा सेकंदांची क्रांती

२ मार्च
आज बावन्न पूर्ण. दाढी करताना एकदम प्रश्न पडला, आपण जगासाठी काय केलं? गाल कापला.
संकल्प : उरलेल्या आयुष्यात जग बदलायचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाथरूमचा बल्ब बदला. मोठ्या माणसांची घरात हीच गत.

३ मार्च
बल्ब उद्या.
आज नियतीचा इशारा मिळाला. चोवीस वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजले, आणि आज अचानक सिग्नल विभागात बदली. साहेबांनी मोठ्या चौकातल्या सिग्नलच्या पेटीची किल्ली दिली. म्हणाले, रोज उघडायची, धूळ पुसायची, सही करायची. आत कशाला हात लावायचा नाही.
म्हणजे आत हात लावण्यासारखं काहीतरी आहे.

५ मार्च
पेटीत चार चकत्या. एकीवर चालणाऱ्या माणसाचं चित्र. ती फिरवली की पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लांबतो.
तासभर चौकात उभा राहून चिंतन केलं. माणसं जीव मुठीत घेऊन रस्ता ओलांडतात. म्हणून चिडतात. चिडलेला माणूस ऑफिसात हाताखालच्यावर ओरडतो, तो घरी जाऊन बायकोवर, ती पोरांवर. पोरं मोठी होऊन युद्धं करतात. मुळाशी काय? हिरवा दिवा कमी पडतो! इतकी साधी गोष्ट, पण आजवर एकाच्याही डोक्यात आली नाही.

६ मार्च, सकाळी ८
चकती फिरवली. दहा सेकंद वाढवले. जग अजून अनभिज्ञ.

९ मार्च
परिणाम दिसू लागले. एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडून चक्क हसले. चौकातल्या न्हाव्याला सहज विचारलं, हल्ली वातावरणात फरक वाटतो का? म्हणाला, वाटतो ना, नवा पंखा बसवलाय. साध्या माणसाला फरक जाणवतो, कारण सांगता येत नाही. चालायचंच.
आणखी दहा सेकंद.

१३ मार्च
परवा मुलीचा इंटरव्ह्यू. सात महिने घरी बसून आहे बिचारी. कितीतरी अर्ज केले, त्यातला हा पहिला बरा कॉल. आरशासमोर उत्तरं पाठ करतेय. मी समजावलं, नोकरी काय, येते-जाते, जगावर आपला ठसा उमटला पाहिजे. ती म्हणाली, बाबा, इस्त्री तापली का तेवढं बघा.

१४ मार्च
तिच्या महत्त्वाच्या दिवशी चौक प्रसन्न असावा म्हणून एकदम वीस सेकंद वाढवले. बाप म्हणून एवढं तरी करायलाच हवं.

१५ मार्च, संध्याकाळ
लिहवत नाही.
मोठ्या चौकात गाड्या तुंबल्या. टॅक्सी जागची हलेना. पोर उतरून पळत गेली. पोचली तोवर मुलाखती संपलेल्या. तिथल्या बाईंनी दारातूनच परत पाठवलं. घरी आली ती सँडल हातात घेऊन. जेवली नाही. बायको म्हणाली, त्या मेल्या सिग्नलवाल्याचं तळपट होवो.
मी दोन ग्लास पाणी प्यायलो.

१६ मार्च
एकटा माणूस जग बदलू शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी काल चौकात यायला हवं होतं.
हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पलीकडच्या खोलीत ती रडतेय. माझी पोर. आणि हे मी केलं.

१७ मार्च
जेवताना सांगून टाकलं. चकती, सेकंद, युद्धं, सगळं. मुलगी ताटावरून उठली. बायकोने आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, युद्धं? एवढंच.

१९ मार्च
अबोला चालू. फार वाईट वाटतं.
पण एक नोंद करायला हवी. आजवर मी खोलीत आलो तरी कोणाच्या गप्पा थांबायच्या नाहीत. आता थांबतात. शब्दाला नसलं तरी येण्याजाण्याला वजन आलंय.

२० मार्च
राजीनामा खिशात घालून साहेबांकडे गेलो. गुन्हा उभ्यानेच कबूल केला. साहेब आधी गंभीर होते, मग हसू आवरेना, मग डोळे पुसायला लागले. म्हणाले, अहो, त्या पेटीची वायर कापून सहा वर्षं झाली. सगळे सिग्नल कंट्रोल रूममधून चालतात. त्या दिवशी सिमेंटचा ट्रक चौकाच्या मधोमध बंद पडला होता.
मी विचारलं, मग पेटी रोज का पुसायची? म्हणाले, पुसू नका असा आदेश अजून आलेला नाही.
राजीनामा न वाचताच परत दिला.
प्रश्न : घरी सांगावं का? दोषी म्हणून निदान घरात दरारा आहे. निर्दोष ठरलो की संपलंच. शिवाय सत्य लगेच सांगितलंच पाहिजे असं कुठे आहे? योग्य वेळ बघून सांगू. पुढच्या वर्षी वगैरे.

२१ मार्च
बायको पोरीला म्हणाली, दुसरीकडे अर्ज कर. पोर म्हणाली, काय उपयोग, बाहेरच्यांशी भांडेन गं, इथे बापच रस्ता अडवून बसलाय. मी दाराआड उभा होतो.
आत गेलो आणि सांगितलं. वायर, सहा वर्षं, सिमेंटचा ट्रक. मी काहीच केलेलं नाही, म्हटलं, अगदी काहीच नाही.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पोर हसतच सुटली. पोट धरून हसली. बायको हसली. घर हसतंय म्हटल्यावर मीही हसलो. पोरीने डोळे पुसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, बाबा, मी चिडले होते ना, तेव्हा मनातून एक बरंही वाटत होतं, की तुम्ही आयुष्यात एकदा तरी काहीतरी केलंत.
मग ती नवा अर्ज लिहायला आत गेली आणि बायको कामाला लागली. मी आणखी थोडा वेळ हसत राहिलो, कारण थांबल्यावर काय करायचं ते सुचेना.