प्रश्न हातानं विचारायचा

सर,

आज सकाळी नावड्याच्या एका कारखान्यात आमची क्रेन यंत्र उतरवत होती. जनरेटर धडधडतोय, शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि खाली उभा असलेला सिग्नलवाला नुसत्या हातांनी वरच्या ड्रायव्हरशी बोलतोय. घे, सोड, अजून जरासं. हे मी रोज बघतो, धंदाच आहे माझा. पण आज त्यानं मूठ वळून थांबायला सांगितलं, क्रेन थांबली, आणि दोराला लटकलेलं यंत्र मात्र एक झोका पुढे गेलं. तिथेच उभ्या उभ्या मला तुमचा नववीचा वर्ग आठवला. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं होतं. तेव्हा काही लिहिलं नाही. हेसुद्धा पाकिटात घालायचं नाहीच, पण लिहून तरी बघतो.

नेरूळच्या टेकडीला तेव्हा दगडखाणी होत्या आणि शाळा पायथ्याशी. दुपारी सुरुंग उडाला की पत्रे थरथरायचे, अर्धा वर्ग बाकाखाली मान घालायचा. तुम्ही मात्र आमच्याकडे पाठ करून फळ्यावर उतरण काढताय, आणि तुमची रेघ सरळच्या सरळ. गावभर तुमचं नाव झालं. माझा बाप जेवताना म्हणायचा, "तुजा मास्तर लय धीराचा हाय. घाटावरचा ना तो!" मीही मिरवायचो. पण माझे कान पहिल्यापासून तिखट, त्यामुळे दुसऱ्याच्या कानांकडेही लक्ष जायचं. तुम्ही सुरुंगाला वळत नव्हता, हादऱ्यानं फळ्यावरचं डस्टर पडलेलं दिसलं की मग वळत होता. मागून कुणी "सर" म्हणून हाक मारली तर ती तुमच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी कुणाला बोललो नाही. शाळा नवी, मान्यता अजून कच्ची; ऐकू न येणाऱ्या मास्तरांना कोण ठेवणार होतं?

तुमच्या वर्गाचा एक नियम होता. प्रश्न तोंडानं नाही, हातानं विचारायचा. "टेबलापाशी ये. ढकल, ओढ, पाड. काय कळत नाही ते दाखव, मग बोल." टेबलावर तुम्ही स्वतः बनवलेली लाकडी गाडी असायची, कप्पी असायची, काडेपेट्या असायच्या. दुसऱ्या तुकडीतली पोरं चिडवायची, "तुमचा विज्ञानाचा तास का तमाशा रे?" आम्हाला वाटायचं, विज्ञान असंच शिकवतात.

मग तपासणी आली. साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी हेडमास्तर. तुम्ही फळ्यावर 'जडत्व' लिहिताय आणि साहेब मागून विचारतात, "गुरुजी, धावत्या बसचा ब्रेक दाबला की उभा माणूस पुढे का पडतो? मुलांना कसं समजावता?"

तुम्ही लिहीतच राहिलात. हेडमास्तर खाकरले. वर्गात एवढी शांतता की खडूचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी उठलो, टेबलापाशी गेलो, गाडीवर काडेपेटी उभी केली, गाडी ढकलली आणि हात आडवा घालून थांबवली. पेटी पुढे पडली, अगदी तुमच्या नजरेच्या कडेला. तुम्ही वळलात. माझ्याकडे बघितलंत, पेटीकडे बघितलंत, आणि सुरू झालात. "पेटीला पुढं कुणी ढकललं नाही. थांबवलं ते गाडीला. तळ गाडीबरोबर थांबला, वरचा भाग आपल्या आधीच्याच चालीनं निघाला होता."

"अरे, तू का मध्ये उठलास?" साहेब मला म्हणाले.

"साहेब, आमच्यात प्रश्न असाच विचारतात."

साहेब हसले. "बरं. मग बस वळली तर?"

मी नुकताच जागेवर बसलो होतो, पुन्हा उठणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात मिठागरावरून येणारी एक मुलगी उठली, वर्षभरात कधी तोंड न उघडलेली. तिनं पेटी उभी केली, गाडी पुढे नेली आणि झटक्यात वळवली. पेटी बाहेरच्या अंगाला पडली. तुम्ही म्हणालात, "तिला बाहेर कुणी फेकलं नाही. ती सरळच निघाली होती, गाडी तिच्याखालून वळली." तेव्हा मला कळलं की वर्गातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पद्धतीची तारीफ केली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पुढच्याच आठवड्यात कप्पीचा दोर निसटला. तीच मुलगी वजनाखाली उभी. "सर, सुटतंय!" म्हणून ती ओरडली, आणि तुम्ही हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून दुसऱ्याला काही समजावत होता. वजन तिच्या पायाशेजारी फरशीत रुतलं. तुम्ही वळलात ते आमचे चेहरे बघून. तास अर्धा टाकून तुम्ही हेडमास्तरांकडे गेलात आणि स्वतःच सगळं सांगितलंत. नवे सर येईपर्यंत तुमच्याजवळ फक्त खडू आणि फळा राहिला. टेबल तुम्ही रिकामं केलंत.

जायच्या दिवशी मला बोलावलंत. आवाज नको तेवढा मोठा. "लेका, मूल ओरडलं तर मास्तराला ऐकू यायला पाहिजे. त्यात दुसरं मत नाही. पण तपासणीला तू उठलास कशाला? दया आली माझी?"

मी मान हलवून नाही म्हणालो. तुम्ही हसलात, पण तुम्हाला ते पटलेलं दिसलं नाही.

खरंच नव्हती आली, सर. पुढचा धडा क्रिया-प्रतिक्रियेचा होता, आणि तो मला तुमच्याकडूनच शिकायचा होता.