रोवण्याचं गाणं वरातीत

अड्याळ, १२ मे १९८१

काकांनी आज वरातीत आमच्या घरच्या बँडवर माझं गाणं वाजवलं, तेही दुप्पट वेगात! आईचं धान रोवण्याचं गाणं मी चार महिने खपून ट्रम्पेटवर बसवलं होतं, सावकाश, लांब श्वासाचं. एकटीने वाजवायच्या माझ्या सहा गाण्यांत सगळ्यांत जवळचं तेच. जाब विचारला तर काका म्हणाले, "बीए झाली म्हून गाणं तुह्यं झालं का? घरात वाजलं थे बँडचं."

दुप्पट वेगात! संतापून आईकडे गेले, तर ती खुशीत. "माह्या गाण्यावर लोक नाचले वो बाई!"

तिचं गाणं घेताना मी तरी तिला कुठे विचारलं होतं?

काकांवरचा राग उतरलेला नाही, उतरणारही नाही. पण उद्या ते गाणं आधी आईला सावकाश वाजवून दाखवीन. ती हो म्हणाली तरच माझ्या सहांत ठेवीन.