साबूत पॅनकेक

रविवार, संध्याकाळ

ह्यांना शुगर निघाल्यापासून घरात मैदा बंद. म्हणून आज ज्वारीच्या पिठात पनीर कुस्करून पॅनकेक केले. ज्वारीला चिकटपणा कुठला? पहिलाच उलटताना मोडला. नेहमीसारखा मी तो माझ्या ताटलीत सरकवला, तर ह्यांनी उचलून तोंडात टाकला.

"लग्नापासून मोडकं तूच खातेस. आज साबूत तू खा."

इतकी वर्षं ह्यांचं लक्ष होतं? मला वाटायचं, पेपरात डोकं असतं.

मग मला खुर्चीत बसवून अख्खा पॅनकेक करायला हे स्वतः गॅसपाशी उभे राहिले. तोही मोडला. मग ह्यांनी ताटलीत तुकडे जुळवून गोल केला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घे, साबूत आहे."