‘फक्त गोड’ : एक दुरुस्ती

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय पातेल्या,

आज दुपारी चार वाजता पक्कं झालं. ‘शहराचे आवडते पंचवीस पदार्थ’ या आमच्या यंदाच्या यादीत पहिला नंबर तुझ्या पुडिंगचा. संपादकीणबाईंनी स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं आणि छापायला जाणारं पानच समोर ठेवलं. तेव्हा ही ऐकीव बातमी नाही. सगळ्यांत वर, जाड अक्षरांत, ‘फक्त गोड’, आणि खाली तुझ्या हॉटेलचा पत्ता.

रविवारी पुरवणी निघेपर्यंत यादी कुणाला सांगायची नसते. सव्वीस वर्षांत मी ती घरातसुद्धा सांगितलेली नाही. आज पहिल्यांदा नियम मोडते आहे, तर निदान पत्र शेवटपर्यंत वाच.

तू बरा असशील. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि तुझ्याकडे यायचं म्हटलं की दुखायचा थांबतो. रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा दार लोटून घेते. बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून मला तुझी खुशाली कळते. तू माझी चौकशी करतोस का, हे मी तिला विचारत नाही. तीही सांगत नाही.

अकरा वर्षांनी एकदम ‘पातेल्या’ म्हटलं म्हणून रागावू नकोस. जरा रीतीचा मायना तीनदा लिहून पाहिला. तिन्ही वेळा तो पाणीपुरवठा खात्याला केलेल्या अर्जासारखा दिसला. शिवाय खरवडीसाठी पातेल्यात डोकं घालणाऱ्या पोराला ते नाव आईने ठेवलंय. मी ठेवलं असतं तर याहून वाईट असतं.

आता सविस्तर सांगते, कारण तुला कुणी सांगणार नाही.

यादी आम्ही तिघं ठरवतो. मी, गणिताचे एक निवृत्त मास्तर आणि एक दातांची डॉक्टर. वर्षभर वेगवेगळ्या नावांनी टेबलं घ्यायची, आपापलं खायचं, गुण लिहून पाकिटात बंद करायचे आणि शेवटी एकत्र बसून वाद घालायचा. ज्याचा नातेवाईक त्या स्वयंपाकघरात असेल, त्याने तो पदार्थ निघाला की उठून बाहेर जायचं. तुझं नाव निघालं तशी मी उठले आणि व्हरांड्यात पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. दार काचेचं आहे. आवाज येतोच, आणि मी कान झाकून घेतले होते असं काही सांगत नाही.

मास्तर म्हणाले, “मी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. पोरांनी त्यापायी माझ्या स्कूटरची हवा सोडली, तरी दिले नाहीत. आज देतो.”

डॉक्टर म्हणाली, “मास्तर, तुमची कवळी मी बसवलीय. वरची साखर चिकटली नाही ना तिला?”

“चिकटायला उरलं कुठे, बाई?”

मग ती गंभीर झाली. म्हणाली, “आधी नुसतं गोड लागतं. मला वाटलं, एवढंच? मग असं वाटतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी लोणी कढवतंय. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, साखर करपायच्या जरा आधीचा तो कडवटपणा. मी चमचा खाली ठेवला आणि पाच मिनिटं कुणाशी बोलले नाही.”

मास्तर म्हणाले, “तुम्ही? पाच मिनिटं?”

माझा पेला भरून पाणी बुटावर सांडेपर्यंत मी नळ धरून उभी होते.

दुसऱ्या नंबरावर गोदीजवळचं मासळीचं सूप आहे. गेल्या वर्षी ते पहिलं होतं. तिसरं कोर्टासमोरचं ऑम्लेट, ज्याच्यासाठी वकील तारखा लांबवतात. स्टेशनमागच्या बेकरीचा कांद्याचा पाव सातवा. पंचविसाव्या मजल्यावर फिरत्या दिव्यांखाली मिळणारा तो सोनेरी कागदातला चॉकलेटचा मनोरा यादीत कसाबसा घुसलाय, एकविसावा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर अकरा टेबलांची जागा, दारात फळा आणि त्यावर खडूने लिहिलेला पदार्थ. मला इतकं भरून आलं की खाली उतरताना लिफ्टमधल्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, “आज फार छान झालं.” ते म्हणाले, “हो ना, ऊन पडलं एकदाचं.”

मी स्वतः तुझं पुडिंग अजून चाखलेलं नाही. नियमाने मला चाखता येत नाही.

यादीत येऊ शकतील अशा सगळ्यांकडे आमचा छायाचित्रकार आधीच जाऊन येतो, तसा परवा तुझ्याकडेही येऊन गेला. त्याचे फोटो टेबलावर पसरले होते. तुझे केस पुढून गेलेत, हे आईने सांगितलं नव्हतं. मनगटावर भाजल्याच्या खुणा वाढल्यात. एका फोटोत तू पातेल्याकडे अशा नजरेने बघतोयस, जणू ते आता काहीतरी बोलणार आहे. तो फोटो मी मागून घेतला. कारण विचारलं तर म्हटलं, संग्रहासाठी.

छायाचित्रकाराने सांगितलं, “मी त्यांना विचारलं, असलं कसलं नाव हो? ‘फक्त गोड’! तर म्हणाले, एका जाणकाराने दिलंय.” सगळे हसले. संपादकीणबाई म्हणाल्या, “वा! हेच फोटोखाली घ्या. एका जाणकाराने दिलेलं नाव.”

मीही हसले. बहुतेक सगळ्यांच्या आधी हसले.

इथे थांबते. आईच्या औषधाची वेळ झाली.

शुक्रवार, दुपार

काल वर एक खोटं लिहिलंय. ते खोडत नाही, तसंच राहू दे.

पुडिंग मी चाखलंय. ऑगस्टमध्ये आई तुझ्याकडून डबा घेऊन आली. फ्रिजमध्ये ठेवताना म्हणाली, “हे माझं आहे, कुणी हात लावायचा नाही.” घरात माणसं दोन. दुपारी ती झोपल्यावर मी उभ्या उभ्या एक चमचा खाल्ला. मग बसून उरलेलं संपवलं. डॉक्टर जे काल म्हणाली ते सगळं खरं आहे, फक्त माझं पाच मिनिटांवर भागलं नाही. संध्याकाळी आईने रिकामा डबा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “उंदीर चांगलाच मोठा झालाय घरातला.”

मी विचारलं, “कृती बदलली वाटतं त्याने?”

“छे गं. तेच ते, जुनंच. दूध, अंडी, लोणी, साखर. त्याला बदलायचं काय कारण?”

ऑगस्टपासून मी या एका वाक्यावर दिवस काढतेय. पुडिंग सुधारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझ्या टीकेने पोरगा घडला, असंही चारचौघांत म्हणता आलं असतं. पण ते तेव्हाही असंच होतं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी तू त्या मोठ्या हॉटेलात होतास. “ताई, एकदा ये ना, माझं पुडिंग लागलंय मेनूत,” असं तू तीनदा फोन करून सांगितलंस. त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. नाक इतकं बंद होतं की मी तोंडाने श्वास घेत होते. माझ्या स्तंभाचा मजकूर दुसऱ्या दिवशी अकराला द्यायचा होता आणि ज्या हॉटेलाबद्दल लिहायचं ठरलं होतं ते अचानक बंद झालं होतं. मी तुझ्याकडे आले, खाल्लं, घरी जाऊन लिहिलं. नाक बंद असलं की लोणी कळत नाही, करपलेली साखर कळत नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू यापलीकडे काही उरत नाही, आणि तो हलका कडवटपणाही गोडाखाली दबून जातो. हे मला माहीत होतं. हा माझा धंदाच आहे. तरी मी लिहिलं : ‘दिसायला देखणं, पण चवीला फक्त गोड. साखरेखाली आळस लपत नाही.’

दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट आहे. ते मी लिहिलं कारण भाऊ म्हणून सौम्य लिहिलं असं कुणी म्हणू नये. आणि झालंही तसंच. ‘सख्ख्या भावालासुद्धा सोडलं नाही,’ म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं. वर्षभर केलं. नातेवाइकाने उठून बाहेर जायचा तो नियम त्यानंतर मीच सुचवला, त्याचंही कौतुक झालं. तुझ्या मालकाने पुडिंग आठ दिवसांत बंद केलं आणि तुला सकाळच्या अंड्यांवर बसवलं. दोन वर्षं तू अंडी उकडलीस.

तू घरी आला होतास. दारातच उभा राहून एवढंच विचारलंस, “ताई, तू खरंच चाखलंस?”

मी म्हणाले, “माझं काम मला शिकवू नकोस.”

मला तेव्हा वाटलं तू चिडून विचारतोयस. आता कळतं की तू नेमका प्रश्न विचारलास. ते पुडिंग कुणाला फक्त गोड लागेल, याचा हिशेब तुझ्यासारख्या स्वयंपाक्याने तिथल्या तिथे मांडला असणार. माझं लाल नाकही तुला दिसत होतं. अकरा वर्षं तुला माहीत आहे आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. आईलाही नाही. उलट स्वतःचं हॉटेल काढलंस, तेच पुडिंग तसंच केलंस आणि माझे शब्द फळ्यावर खडूने लिहिलेस. आता लोक त्याच नावाने ते मागतात. मला याचा राग यायला हवा होता. खरं सांगू? मला अभिमान वाटतो. आमच्या घरात इतकं चोख उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

पण फोटोखाली ‘एका जाणकाराने दिलेलं नाव’ छापून आलं तर ते खोटं छापलं जाईल, आणि त्यातून फुकटचा मोठेपणा मला मिळेल. म्हणून आज सकाळी आठला ऑफिसात जाऊन चौकट लिहिली. अकराच्या आत द्यायची होती, साडेदहाला दिली. ती अशी :

‘अकरा वर्षांपूर्वी या स्तंभात एका पुडिंगला “फक्त गोड” म्हटलं होतं. त्या दिवशी लेखिकेला सर्दी होती आणि वास येत नव्हता. ही गोष्ट तिने वाचकांपासून, संपादकांपासून आणि पुडिंग करणाऱ्यापासून लपवली. पुडिंग करणारा तिचा धाकटा भाऊ आहे. यंदा पहिला आलेला पदार्थ तोच आहे. त्याच्या निवडीत लेखिकेचं मत धरलेलं नाही. पुडिंगमध्ये तेव्हाही काही कमी नव्हतं.’

संपादकीणबाईंनी दोनदा वाचलं. “अहो, अकरा वर्षांपूर्वीच्या दोन ओळी! कुणाला आठवतायत?”

“ज्याच्यावर लिहिल्या त्याला आठवतायत. त्याने फळ्यावर लिहून ठेवल्यात.”

“लोक तुमच्या बाकीच्या लेखांवरही शंका घेतील. सव्वीस वर्षांचं काम आहे, ताई.”

“घेऊ देत. बाकीचे मी वास घेऊन लिहिलेत.”

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, “यादीच्या कामातून तुम्ही बाहेर. स्तंभाचं काय ते सोमवारी बसून ठरवू.” चौकट मात्र एक शब्दही न बदलता घेतली, पहिल्या पानावर, तुझ्या फोटोशेजारी. फोटोखालची ती ओळ काढली. स्तंभ राहील की जाईल, मला माहीत नाही. गेला तर वाईट वाटेल. मला ते काम आवडतं आणि मी ते चांगलं करते, एक दिवस सोडून. त्या एका दिवसाची भरपाई एका चौकटीत होत नाही, आणि तुझी अंड्यांवरची दोन वर्षं मला परत आणता येत नाहीत. चौकट छापून आल्यावर तू माझ्याशी बोलायलाच हवंस असंही काही नाही.

आईला आज सकाळी सगळं सांगितलं. सर्दीचंही. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “पोराने मला कधी काही सांगितलं नाही गं,” आणि पदराने डोळे पुसले. मग रविवारच्या अंकाच्या सहा प्रती आणायला सांगितल्या. सहा कशाला, विचारलं तर म्हणाली, “पाच वाटायला. एक तू चुकीचं वागलीस त्याची, माझ्या कपाटात.”

आता कामाचं. हे पत्र आज संध्याकाळीच आईच्या हाती पाठवते. पहिल्या आलेल्याकडे त्याच रविवारी रांग लागते आणि ती दुपारची वाट बघत नाही. गेल्या वर्षी सूपवाल्याचं सगळं साडेबाराला संपलं आणि तो दारात उभा राहून लोकांची माफी मागत होता. तू शनिवारीच दूध तिप्पट सांग, अंडीही. पुडिंग रात्रभर थंड व्हावं लागतं, म्हणजे शनिवारी दुपारीच लाव. साखर घाईने करपवू नकोस, रांग कितीही लांब असली तरी. लोक चिडले तर चिडू देत, आठवड्यात विसरतात. जास्तीचे चमचे काढून ठेव, मास्तर पुन्हा येणार आहेत.

आम्ही दोघी साडेदहापासून रांगेत असू. कुठलंही खोटं नाव देऊन टेबल घेतलेलं नाही. आईसाठी एक खुर्ची बाहेर टाकता आली तर टाक. आमचा नंबर दारापर्यंत पोचेल तेव्हा तू बाहेर यावंस की वाढप्यालाच पाठवावंस, ते तू ठरव. वाढपी आला तरी आम्ही आत येऊ आणि दोन पुडिंग मागू.

उत्तर द्यायला अकरा वर्षं लावलेली,
तुझी ताई