पान चाळीस, बाकी बघू

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. आता वाचल्याशिवाय सुटका नाही! यंदा कॅनोलाची कापणी लवकर आटोपली, त्यामुळे गाव खुशीत आहे आणि मीही.

तुमच्या जुन्या शाळेतला माझा विज्ञान विभाग म्हणजे मी, वेंडल आणि डार्सी. शिकवण्याचं प्रशिक्षण दोघांनाही नाही. तुमचा विद्यार्थी वेंडल खताच्या दुकानातून आलाय, डार्सी गुरांच्या दवाखान्यातून. मिळाले हेच नशीब. तिघांतलं एक जरी गेलं, तर वरच्या वर्गांचं विज्ञान बंद आणि पोरं रोज बसने शेजारच्या गावी. म्हणजे रागवायचीही चोरी! गेल्या वर्षी मी पाठाचं टाचण मागितलं, तर डार्सीने इंटरनेटवरून जसंच्या तसं उतरवलं, त्यात टेक्सासच्या कुठल्याशा शाळेची सुट्टीसुद्धा. वेंडलने लिहिलं, "पान चाळीस. बाकी बघू." वर तोंड करून म्हणतो कसा, "मॅडम, तुमच्या बाबांनी कधी टाचण लिहिलं? पण शाळेच्या छपरावरून त्यांनी टाकलेले दोन भोपळे मला अजून आठवतात. एक लहान, एक मोठा, आणि दोन्ही एकदमच खाली!" घरचाच आहेर.

मग मार्चमध्ये वेंडलच्या गाई व्यायला लागल्या आणि तो गोठ्यात अडकला. त्याचा तास डार्सीने त्याच्या तसल्याच 'पान चाळीस'वाल्या टाचणावर घेतला. पोरांनी सांगितलं, पान चाळीस झालं, आज सर हॉकीची मॅच दाखवणार होते. तिने बिचारीने दाखवली, आणि मुख्याध्यापक नेमके दारात! दुसऱ्या दिवशी तिने वेंडलला फैलावर घेतलं, "तुझी वासरं बरी रे, निदान कुठून बाहेर पडायचं ते त्यांना कळतं, तुझ्या टाचणातून तेवढंही कळत नाही!"

मी हसले, पण वेंडल फारच मनाला लावून बसला. "मला नाही जमत हे. मी आपला खतं विकतो," म्हणाला. मग मी त्याला आपल्या अंगणातला शनिवार सांगितला. तुम्ही गोठ्याच्या छपरावर, आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर फुटलेले भोपळे, तिचा तो आरडाओरडा, आणि पुढे आठवडाभर भोपळ्याचंच सूप. वेंडलने विचारलं, "म्हणजे सर आधी घरी करून बघायचे?" टाचण म्हणजे तेच रे, मी म्हटलं, फक्त कागदावर, म्हणजे चादरी वाचतात. तेव्हापासून तो लिहितो. डार्सी तपासते, आणि माझ्यापेक्षा कडक.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी मला ऑक्टोबरपासून पडून राहायला सांगितलंय. घाबरू नका, तुम्ही आजोबा होणार आहात! चाळिशीनंतर मलाच विश्वास बसत नव्हता, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. माझ्या जागी कुणी मिळत नाही आणि वर्ग बंद पडायला आलाय. आई गेल्यावर तुम्ही दादाकडे व्हँकुव्हरला गेलात ते परत शाळेकडे फिरकला नाहीत. का, ते मला कळतं. तरी या ना बाबा. मला तुम्ही हवे आहात, वर्गालाही. तुमच्यासाठी वेंडलने टाचण लिहिलंय, सोबत पाठवते. पहिल्याच तासाला लिहिलंय, "भोपळे. छपरावर मी चढेन, कधी सोडायचे ते सर खालून सांगतील. शनिवारी आधी मॅडमच्या अंगणात करून बघायचं." चादरी मी आत घेऊन ठेवते.

तुमचीच,
लारिसा